हसऱ्या अक्षरांचा वीर

खोडाळा,
६ एप्रिल २०२५

सकूबाय विहीणबाई, तुमच्या उंबऱ्याला गौराबाईचा हात जोडून नमस्कार, आणि उंबऱ्याच्या आत जो राग बसलेला असतो त्यालाही एक.

फोन केला असता. पण तुमच्या पाड्याला रेंज नाय, आणि तुम्ही टेकाडावर चढून मोबाइल धरता तेव्हा मी नुसती हसले तरी कट करता. मागच्या वेळी तर मी ‘हॅलो’च म्हटलं होतं. म्हणून हे पत्र. माझं लिहिणं-वाचणं प्रौढवर्गातलं, तेही पोरं लग्नाला आल्यावरचं. चुका दिसल्या तर तिथेच राहू द्या.

मंगळूच्या पिकअपमध्ये मागे तुमच्या डोकऱ्याच्या, माघ्यादादांच्या नावाचा दगड, त्यांचा वीर आहे आणि पुढे काचेजवळ हे पत्र. आधी पत्र वाचा, मग दगड उतरवा. मंगळूला तसं बजावलंय. पण मंगळूला डावं-उजवं सांगितलं तरी तो आधी विडी पेटवतो.

आता ऐका. साखरपुड्याला ठरलं होतं की हळदीच्या आधी माघ्यादादांचा वीर बसला पाहिजे. मेलेला माणूस दगडात बसल्याशिवाय नातवाचा मांडव पडत नाय, ते तुमच्याकडे तसंच, आमच्याकडेही तसंच. दगड तुमच्या लेकाने, जगनने निवडला. सूर्य, चंद्र, घोडा, घोड्यावरचा माणूस, सगळं मोखाड्याच्या पाथरवटाने कोरलं. राहिलं होतं नाव. तेव्हा मी म्हटलं, नाव आमच्या रविनाकडे लागलं, सून व्हायच्या आधी आजेसासऱ्याची तेवढी सेवा तिच्या हातून होऊ दे. तुम्ही मान हलवली होती. मी बघितली होती हललेली.

रविना जव्हारला फ्लेक्सच्या दुकानात बसते हे तुम्हाला ठाऊक. पण ती नुसते वाढदिवसाचे फोटो चिकटवत नाय बरं का. तिने स्वतःची अक्षरं केलीत. आख्खी बाराखडी, जोडाक्षरांसकट. फाँट म्हणतात त्याला. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाच्या पाट्या आठवतात का, लाल-पिवळ्या, जाडजूड, लांबून हाका मारणाऱ्या? तसली. मोठ्या मथळ्याला लावायची, बारीक मजकुराला चालत नायत. मी हे पत्र त्यात लिहिलं असतं तर पानात चार शब्द मावले असते आणि तुम्ही खूश झाला असता.

नाव मी ठेवलं, लाह्या. कारण एकेक अक्षर खापरात फुटल्यागत फुगलंय. ‘ब’ला पोट आहे. ‘ळ’ म्हणजे जोडीने ठेवलेली गाडगी. आणि वरची रेघ सरळ नाय, ओल्या बांबूसारखी मध्ये झुकलेली, जशी काय सगळी अक्षरं तिला लोंबकळून झोके घेतात. नाशिकच्या एका पेपराने रविवारचा मथळा त्यात छापला. मी तो कापून देवाच्या फळीला चिकटवलाय. माझा डोकरा म्हणतो, बातमी तरी वाच काय होती. मी म्हटलं, बातम्या रोज असतात.

तर तीच अक्षरं आता माघ्यादादांच्या दगडावर आहेत. रविनाने कागदावर ‘माघ्या’ एवढंच नाव छापलं, पाथरवटाने कागद दगडाला चिकटवून वरून छिन्नी चालवली. मी बघायला गेले होते. बघितलं आणि टाळीच वाजवली! अगदी तेच! बाजारात सुकटीच्या पाटीमागे उभे राहिल्यासारखे!

बघा आणि सांगा.

तुमची विहीण,
गौराबाई

*

वावरजवळचा पाडा,
८ एप्रिल २०२५

गौराबाई,

नमस्कार घेतला नाही. परत पाठवते.

मंगळूने दगड आधी उतरवला आणि पत्र नंतर दिलं. पत्र आधी दिलं असतं तर दगड पिकअपमधून उतरलाच नसता.

अंगणात ठेवला तेव्हा शेजारची कोंडी आली. बघून तिने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते. मी तिला धरायला गेले तर ती हसत होती. मग तिची सून आली, तीही हसली. मग पोरं. वर्षश्राद्ध झालेल्या माणसाच्या दगडापुढे माझ्या अंगणात तमाशा भरला.

मी आश्रमशाळेत सातवी शिकले आहे. मला अक्षर कळतं. ‘मा’चा काना दाराला टेकून विडी ओढणाऱ्या माणसासारखा तिरका उभा आहे. ‘घ’ला दोन हनुवट्या आहेत. आणि शेवटच्या ‘या’ची शेपटी खाली वळून बाहेर आली आहे, जिभेसारखी. वर घोड्यावर बसलेला माणूस तलवार धरून गंभीर आहे आणि खाली त्याचं नाव मला जीभ दाखवतं आहे.

हे तुमच्या नातीचं शिक्षण? अंडाभुर्जीच्या गाडीवर जे लिहायचं ते तिने माझ्या नवऱ्यावर लिहिलं. तिला मोठ्यांची लाज नाही, मेलेल्यांचीही नाही, आणि असली पोर माझ्या घरात येऊन माझ्या चुलीवर भाकर थापणार?

दगडावर मी गोणपाट टाकलं आहे. तुम्हाला माहीत आहे, छिन्नी लागलेलं वीराचं नाव घासायचं नसतं. घासलं तर माणूस दुसऱ्यांदा मरतो. आणि असला वीर मी बसवणार नाही. वीर बसत नाही तोवर भावेशचं लग्न नाही. हे तुम्ही करून ठेवलं आहे, तुम्हीच निस्तरा.

सकू

*

खोडाळा,
१३ एप्रिल २०२५

सकूबाय,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा रागासाठी आणि एकदा ते जिभेचं लिहिलंय त्यासाठी. बेस लिहिता हो तुम्ही! विडी ओढणारा काना! रविनाला दाखवलं तर ती रडता रडता म्हणाली, आजी, मी काढताना तसंच मनात होतं गं, यांना कसं कळलं.

हो, रडली. तुम्ही तिला बेशरम म्हटलंत म्हणून. आता नीट ऐका, आणि ऐकून झाल्यावर हवं तर दगडावरचं गोणपाट काढून माझ्या डोक्यावर टाका. पोरीने नको म्हटलं होतं. ती म्हणाली, आजी, ही पाट्यांची अक्षरं आहेत, हसायची आहेत, वीराला साधं सरळ अक्षर देते. तिने तसा कागदही छापला होता. सरळ, बारीक, मास्तरांसारखा. मी म्हटलं, हा कोण? हे माघ्यादादा नायत, हा कुणीतरी तलाठी मेलाय. मी तो कागद चुलीत घातला आणि दुसरा छापून घेतला. मीच सांगितलं, आणि परत विचाराल तर परत सांगीन. शिव्या इकडे पाठवा, जव्हारला नको.

आता मला सांगा, काय चुकलं? तुमचा डोकरा हसरा होता का नव्हता? डहाणूकडनं सुकट आणून खोडाळ्याच्या बाजारात बसायचा. आमचा अख्खा बाजार त्याच्या आवाजाने उघडायचा. “घ्या गं सुकट, सासूला वास द्या, नवऱ्याला डोकं द्या, तुम्ही मधला तुकडा खा!” बायका मिरच्या सोडून तिकडे धावायच्या. मला म्हणायचा, “गौराबाय, तू हसलीस की माझं वजनाचं पारडं हलतं, तू लांब उभी राहून हस.” माझ्या डोकऱ्याला ऐकू येत नाय हे ठाऊक असून त्याच्या कानात येऊन काहीतरी पुटपुटायचा आणि डोकरा मान डोलवायचा, आणि मग माघ्यादादा सगळ्या बाजाराला सांगायचे, “बघा, हा मला त्याचा बैल द्यायला तयार झालाय!”

असल्या माणसाला तुम्ही मास्तराच्या अक्षरात कोंडणार? गुदमरेल तो. रात्री स्वप्नात येऊन मला विचारेल, गौराबाय, मी काय फळ्यावरची बेरीज आहे का?

आमच्याकडे करवंदं पिकायला लागलीत. नागलीचे पापड घातले, वाळले, एक डबा मंगळूबरोबर देते. भावेशला आवडतात. गोणपाट काढा. वारा लागू द्या त्यांना.

गौराबाई

*

पाडा,
१७ एप्रिल २०२५

गौराबाई,

पापडांचा डबा मंगळूबरोबर परत केला आहे. न उघडता.

बाजारातल्या गोष्टी मला लिहू नका. बाजार मी ऐकून आहे. पस्तीस वर्षं प्रत्येक बाई मला रस्त्यात थांबवून सांगायची, सकू, तुझा नवरा काय हसवतो गं.

भगताकडे गेले होते. तो म्हणाला, पौर्णिमेच्या आत वीर बसला नाही तर या मोसमात मांडव नाही, आणि पुढचं साल भावेशला जड आहे. जगन तुमच्या बाजूने आहे, माझी सूनही तुमच्या बाजूने आहे, भावेश तर जेवत नाही. घरात सगळे दगडाकडून आणि मी एकटी. म्हणून काही बदलत नाही. मी त्याची बायको आहे. बसवायचा की नाही ते मी ठरवते.

मांडवाचे बांबू तोडू नका. तोडले असतील तर गुरांच्या कुंपणाला घाला.

सकू

*

खोडाळा,
२१ एप्रिल २०२५

सकूबाय,

पापडाचा डबा परत आला. मंगळू म्हणतो, वाटेत त्यातले थोडे कमी झाले त्याला तो जबाबदार नाय. तुम्ही मंगळूला तरी खाऊ घातलंत, देव तुमचं भलं करो.

आता मलाही राग आलाय. आधी येत नव्हता, आता बेस आलाय, नागलीला पाऊस लागावा तसा. माझी पोर दुकानात मान खाली घालून बसते. आपल्या त्या लाह्यांना हात लावत नाय. काल कुणी बारशाचा फलक सांगायला आलं, म्हणालं, ती गमतीची अक्षरं घाल ना. तर म्हणाली, ती बंद झाली. बंद झाली! जसं काय ती दारावर येणारी मिठाची गाडी! आणि भावेश रोज जव्हारला येतो आणि दुकानासमोर मोटारसायकल पुसत उभा राहतो. एवढी पुसली की रंग गेला. दोघं एकमेकांशी बोलत नायत, कारण दोघांना वाटतं आपल्यामुळे दुसऱ्याची आजी मरेल. सकूबाय, आपण दोघी मरणार नाय हो एवढ्याने. आपण चिवट आहोत.

मी गप्प बसले नाय. पाथरवटाला विचारलं, शेपटी तेवढी भरून दे सिमेंटाने. तो म्हणाला, वीरात सिमेंट? बाई, मी संडास बांधत नाय. मग भगताला निरोप पाठवला. तो म्हणाला, तोड आहे. नाव घासता येत नाय, पण बसवला नसेल तोवर दगड नदीत सोडता येतो, कोंबडं देऊन. मग नवा घडवायचा. तर घ्या, मी नवा दगड देते, कोंबडंही माझं, नाव तुमच्या मास्तरी अक्षरात. पण हे मी पोरांसाठी करते, तुमच्यासाठी नाय. तुम्ही हट्टी, कडू आणि जळकुट्या बाई आहात. नवरा लोकांना आवडत होता हेच तुम्हाला सोसत नाय.

आणि तुम्हाला म्हणून एक सांगते, जे मी आजवर राखून ठेवलं होतं. लाजाल तुम्ही म्हणून. बाजार उठला की माघ्यादादा न चुकता हलवायाकडे जायचे आणि गोडी शेव बांधून घ्यायचे. पुडी वर धरून सगळ्यांना दाखवायचे, “घरी राणी वाट बघते!” आम्ही बायका चिडवायचो, राणीला एवढी शेव, ती फुगेल! तर म्हणायचे, “फुगू दे, माझ्या डोळ्यात मावते.” असं बोलायचा तुमचा नवरा तुमच्याबद्दल, भर बाजारात, सुकटीच्या वासात. माझ्या डोकऱ्याने मला कधी डोळ्यात मावतेस म्हटलं नाय. त्याला मी घरातही मावत नाय.

असा नवरा मिळाला आणि त्याच्या नावावर गोणपाट टाकता. शरम तुम्हाला वाटायला हवी.

गौराबाई

*

पाडा,
२५ एप्रिल २०२५

गौराबाई,

ती शेव माझ्या घरी कधी आली नाही.

जीप आमच्या वळणावर थांबायची. तिथे मोहाखाली पोरं जमायची, त्याची वाट बघत. तो उतरायचा आणि त्यांच्यात शेव वाटायचा, एकेकाच्या हातावर, काहीतरी बोलून, आणि पोरं हसून लोळायची. मला पाण्याच्या वाटेवरून दिसायचं. ऐकूही यायचं. मग तो पिशवी झटकायचा, घडी करायचा आणि चढ चढून घरी यायचा. घरात शिरायचा तेव्हा पिशवी रिकामी असायची आणि तोंडही.

तुम्हाला वाटतं, मारायचा. नाही. प्यायचा? होळीला, सगळे पितात तेवढी. दुसरी बाई होती? मी तेही शोधून पाहिलं, नव्हती. असती तर मला भांडायला कुणीतरी मिळालं असतं. काही नव्हतं. फक्त घरात आला की संपायचा. ताट पुढे केलं की जेवायचा. मी विचारलं, बाजार कसा झाला, तर “झाला.” विचारलं, मीठ कमी आहे का, तर मान. भिंतीकडे तोंड करून आडवा व्हायचा. मुलं मोठी झाली, त्यांच्याशी बोलायचा, त्यांना हसवायचा, मी आत आले की गप्प. मला वाटायचं, माझ्याच अंगाला काहीतरी आहे. भगताला दाखवलं. आईला विचारलं. आई म्हणाली, मारत नाही ना, मग काय रडतेस.

एकदा मी त्याला म्हटलं, ते सासूला वास द्या म्हणता, ते मला म्हणून दाखवा. एकदाच. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “इथे कोण ऐकणार?”

मी काय उत्तर द्यायचं होतं, गौराबाई? तुम्हाला तर सगळं सुचतं.

तुम्ही लिहिता, डोळ्यात मावते. मी ते पत्र चुलीजवळ बसून वाचलं आणि मला पहिल्यांदा कळलं की तो असंही बोलत होता. कुणाला? तुम्हाला. मिरच्या घेणाऱ्या बायकांना. माझं कौतुक त्याने सगळ्या तालुक्याला वाटलं आणि मला पिशवीची घडी दिली.

आणि आता तो दगडात बसणार, तोही तुमचाच. तुमचं हसणं, तुमची टाळी, तुमचा बाजार. माझ्या अंगणात. मी सकाळी दार उघडलं की त्याचं नाव मला जीभ दाखवणार, की बघ, मी असा होतो, सगळ्यांना असा होतो. मरेपर्यंत रोज. हे तुम्ही मला सेवा म्हणून पाठवलं.

तुम्ही मला जळकुटी म्हटलंत. आहे. आता कशाने, तेही तुम्हाला माहीत झालं. बाजारात सांगा. तिथे ऐकणारे खूप आहेत.

सकू

*

खोडाळा,
२ मे २०२५

सकूबाय,

उत्तराला वेळ लागला. पत्र मी कुणाकडून वाचून घेतलं नाय, एकटीने वाचलं, बोट ठेवून. रविनालाही दाखवलं नाय. बाजारात सांगायचं तुम्ही लिहिलंत, ते वाचून मात्र हात शिवशिवला. मी बडबडी आहे, पण चोंबडी नाय. फरक असतो.

बाजाराच्या दिवशी गेले होते. माघ्यादादांच्या जागी आता कुणी प्लास्टिकची घमेली विकतं. तिथे उभी राहिले. मला दर वेळी तिथे हसू येतं, कुणी नसलं तरी. या वेळी नाय आलं. आधी तुमचाच राग आला. खरं सांगते. माझ्याकडे एक हसरा माणूस होता, सांभाळून ठेवलेला, देवाच्या फळीवरच्या मथळ्यासारखा, आणि तुम्ही एका पत्रात त्याला खारट करून टाकलंत. एवढी वर्षं तुम्ही गप्प होतात, अजून थोडं गप्प बसला असतात तर काय बिघडत होतं, असंही मनात आलं. मग वाटलं, हे तर मी माघ्यादादांसारखंच बोलले.

मग त्यांचा राग आला. मेलेल्या माणसावर रागावणं लय अवघड, कुठे उभं राहून रागवावं कळत नाय. मी घमेलीवाल्यावर ओरडले. त्याने मला एक घमेलं स्वस्तात दिलं, मला नको होतं.

तुमची माफी मागत नाय, कारण मी जे बघितलं ते बघितलं. तो माणूस आम्हाला हसवायचा. ते खोटं नव्हतं. पण तुमचं जे आहे तेही मी आता वाचलंय, आणि ते मला न-वाचलेलं करता येत नाय.

रविना विचारते, आजीबाई काय म्हणतात. मी म्हटलं, त्या म्हणतात, आजोबा घरात वेगळे होते. एवढंच सांगितलं. ती म्हणाली, मला जाऊन विचारू दे, घरातले आजोबा कसे होते ते, मी तशी अक्षरं काढते, नव्या दगडासाठी. पहिल्यापासून काढते. मी म्हटलं, तसली अक्षरं कुणाला बघवतील? तर म्हणाली, ज्यांना रोज बघायची आहेत त्यांना विचारू.

पोर तुमच्याकडे येईल. तिला बेशरम म्हणालात तर मी स्वतः येईन, आणि मी आले की राहते, लवकर जात नाय, हे तुम्हाला ठाऊक आहे.

नदीचं कोंबडं बांधून ठेवलंय. पौर्णिमा जवळ आली. काय ते ठरवा.

गौराबाई

*

पाडा,
११ मे २०२५

गौराबाई,

तुमची नात आली होती. मी तिला बेशरम म्हटलं नाही. चहा दिला. तिने सरळ विचारलं, आजी, घरात ते कसे होते. मी म्हटलं, बंद. तिने वहीत काही काढलं नाही, चहा पीत बसली. मग अंगणात जाऊन गोणपाट काढलं, दगडासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “हा दगड नदीत सोडा. मी तुम्हाला आवडेल तसं नाव देते.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नीट होता. पोर तुमच्यावर गेलेली नाही, हे बरं आहे.

मी तिला नको म्हटलं. दुसरा दगड नको. बंद माणसाची अक्षरं काढायला लावून तिच्या लग्नाच्या तोंडावर तिच्या हातात ते कशाला घालू. आणि आहेत ती अक्षरं खोटी नाहीत. तुम्ही सगळ्यांनी बघितलेला माणूस आहे तो. मी एकटीने नाही म्हटल्याने जाणार नाही. तुमचं कोंबडं तुम्ही खा.

वीर आज सकाळी बसवला. भगत, जगन, भावेश, पाड्यातले चारजण होते. तुम्हाला बोलावलं नाही, कारण तुम्ही टाळी वाजवली असती.

वीराचं तोंड उगवतीला लागतं. जगनने खड्डा घराच्या मागे, मावळतीच्या बाजूला खणून ठेवला होता. म्हणजे दगडाचं तोंड घराकडे आलं असतं. त्याला वाटलं, बापाने आईकडे बघत बसावं. मी तो खड्डा बुजवायला लावला. जगन म्हणाला, आया, आता काय राहिलं? पहार घेऊन मी स्वतः अंगणाच्या पुढे, उगवतीला, रस्त्याच्या कडेला खूण केली. भगताला विचारलं, चालेल ना. तो म्हणाला, तोंड उगवतीला आहे ना, मग चालेल.

आता त्याचं तोंड रस्त्याकडे आहे. शेंदूर लावला तेव्हा तो ‘घ’ आणखीच फुगला. जीपमधली माणसं वळणावर मान वळवून बघतात आणि हसतात. मोहाखालची पोरं तर दुपारपासून तिथेच आहेत, एकाने शेपटीवर बोट फिरवून तशीच जीभ काढली. मी त्यांना हाकललं नाही.

हळद पंधरा तारखेला. मांडवाचे बांबू कुंपणाला घातले असतील तर उपटा. पापड आणा, मंगळूबरोबर नको, स्वतः आणा. माझ्या घरात जोरात हसायचं नाही. हसायचं असेल तर रस्त्याच्या बाजूला जाऊन त्याच्याशी हसा, तो ऐकेल.

मी दारात बसले की मला दगडाची पाठ दिसते. ती मला ओळखीची आहे.

सकू